बाळाचा विचार चाललाय, उड्डाण कधी थांबवू?

ताई,
मी ३१ वर्षांची, एका विमान कंपनीत केबिन क्रू. सहा वर्षं देशांतर्गत उडाले, गेल्या वर्षापासून मोठ्या विमानांवर आहे, म्हणजे लंडन आणि न्यूयॉर्क. आता आम्ही बाळाचा विचार करतोय. नोव्हेंबरात टीव्हीवर बातमी आली की सूर्याच्या किरणांमुळे एअरबसच्या विमानांचं सॉफ्टवेअर बदलावं लागतंय. सासूबाईंनी ती मनावरच घेतली. "एवढ्या मोठ्या यंत्राचं असं होतं, तर तुझ्या पोटाचं काय?" आत्येसासूबाईंनी तर ऑनलाइन मागवून 'अँटी-रेडिएशन' लॉकेट पाठवलंय. क्रूमधली मुलं म्हणतात की आपल्याला हॉस्पिटलातल्या एक्स-रेवाल्यांपेक्षा जास्त बसतं, त्यांना निदान बॅज असतो. आमच्या एका सीनियरला मागच्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर निघाला. नवऱ्याचं म्हणणं, दिवस गेले तरी १२ आठवडे कंपनीला कळवू नकोस. कळवलं की त्याच दिवसापासून ग्राउंड ड्युटी, फ्लाइंग अलाउन्स बंद, आणि घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता काही थांबत नाही. माझ्या गर्भाशयाचं आत्तापर्यंत काही नुकसान झालं असेल का? किती महिने आधी उडणं बंद करू? की नोकरीच सोडू?
— ठाण्याहून एक

नोकरी सोडू नकोस. आणि नवऱ्याचं हे एक ऐकू नकोस. तुझ्या पत्राचं उत्तर खरं तर एवढंच आहे, पण एवढ्यावर सासूबाईंचं समाधान व्हायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ती बातमी. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस कॅनकूनहून न्यूअर्कला निघालेलं जेटब्लूचं एक ए-३२० विमान हवेत एकाएकी खाली गेलं, काही प्रवासी जखमी झाले. प्रखर सौर किरणोत्सर्गामुळे उड्डाण नियंत्रणाच्या कॉम्प्युटरमधली माहिती बिघडू शकते, असं एअरबसनं त्यानंतर जाहीर केलं आणि २८ नोव्हेंबरला जगभरातल्या सुमारे ६,००० विमानांत दुरुस्ती करायला सांगितली. आपल्याकडचीही तीनशेहून जास्त विमानं त्यात होती. त्या शनिवार-रविवारी कुणाकुणाची ड्युटी किती लांबली, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

यंत्राचं कसं असतं, एखादा वेगवान कण मेमरीतल्या नेमक्या जागी आदळला की शून्याचा एक होतो आणि कॉम्प्युटर तो आकडा खरा धरून चालतो. पेशी इतकी भाबडी नसते. डीएनएची मोडतोड आपल्या शरीरात रोज चालूच असते, नुसत्या श्वासोच्छ्वासानंसुद्धा, आणि ती दुरुस्त करणारी यंत्रणाही रात्रंदिवस कामावर असते. ही दुरुस्ती क्वचित फसते, म्हणून तर आम्ही रेडिएशनवाले डोस मोजत बसतो. पण विमानाच्या चिपवरून सुनेच्या पोटाचा अंदाज बांधता येत नाही, एवढं सासूबाईंना माझ्या नावानं सांग.

शिवाय तुझ्या रोजच्या उड्डाणात येणारा किरणोत्सर्ग मुख्यतः सूर्याचा नसतोच. तो आकाशगंगेतून येतो, फुटलेल्या ताऱ्यांकडून. बहुतेक प्रोटॉन, थोडी हेलियमची अणुकेंद्रं. असा एखादा प्रोटॉन वातावरणाच्या वरच्या थरात नायट्रोजन किंवा ऑक्सिजनवर आदळला, की कॅरमची पहिली फोड केल्यावर सोंगट्या उधळाव्यात तसे न्यूट्रॉन, म्युऑन, इलेक्ट्रॉन चहूकडे सुटतात. व्हिक्टर हेसनं १९१२ साली फुग्यात बसून पाच हजार मीटरच्या वर जाऊन दाखवलं की वर जावं तसा हा मारा वाढतो. त्या उधळणीचं गणित १९३७ साली होमी भाभा आणि भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर हाइटलर यांनी मांडलं. पुढे १९४५ साली भाभांनी टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, सुरू केली, तेव्हा तिथल्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक याच किरणांवरचं होतं. म्हणजे हा विषय मुंबईच्या घरचाच आहे.

आता तुझ्या कामाचं. डोस किती बसणार हे तीन गोष्टींवर ठरतं: किती उंचीवर, किती तास, आणि पृथ्वीच्या कुठल्या भागावरून. उंची साधारण सहा-सात हजार फुटांनी वाढली की डोस दुप्पट होतो. मुंबई-गोव्याला तुम्ही वर पोहोचून पाण्याच्या बाटल्या वाटेपर्यंत उतरायची वेळ होते, त्यामुळे तिथे डोस नगण्य. तिसरी गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. हे कण विद्युतभारित असतात, म्हणून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवून लावतं. हे संरक्षण चुंबकीय विषुववृत्ताजवळ सगळ्यात भक्कम आणि ध्रुवांकडे ढिलं. भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया हा पट्टा या बाबतीत जगात सगळ्यात नशीबवान. पस्तीस-सदतीस हजार फुटांवर आपल्या देशावरून उडताना तासाला ढोबळमानानं २ मायक्रोसीव्हर्ट बसतात (सीव्हर्ट हे डोसाचं माप; हजार मायक्रोसीव्हर्टचा एक मिलिसीव्हर्ट). तेवढ्याच उंचीवर उत्तर अटलांटिक किंवा कॅनडावरून जाताना ५ च्या आसपास. सूर्याचं ११ वर्षांचं चक्र जोरात असलं की हा आकडा थोडा उतरतो, कारण सूर्याकडून येणारा वारा बाहेरच्या किरणांना थोपवून धरतो. आहे की नाही गंमत? ज्या सूर्याला सासूबाई घाबरल्या, तो बहुतेक दिवस तुमच्याच बाजूनं असतो. मोठी सौर वादळं येतात, पण त्यांचा डोस मुख्यतः ध्रुवांकडच्या मार्गांवर वाढतो, आणि २०१९ च्या नोव्हेंबरपासून त्यांच्या सूचना विमान कंपन्यांना जगभर मिळतात.

जाता जाता उत्तर ध्रुवाचं. २०२१ च्या जानेवारीत कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू विमान ध्रुवावरून आणलं, तेव्हापासून 'पोलर रूट' या शब्दाचा क्रूमध्ये उगाच दरारा झालाय. एका ठरावीक अक्षांशाच्या वर गेलं की डोस वाढायचा थांबतो. ग्रीनलंड ओलांडा की ध्रुव, फरक फारसा नाही. फरक पडतो तो तासांनी.

तुझ्या क्रूमधली मुलं बॅजबद्दल खरं बोलतात, फक्त अर्धं. मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर होते, त्यामुळे तो टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर बसलेला डोस मोजणारा बिल्ला, हे माझं रोजचं दुखणं. छोटी प्लास्टिकची कॅसेट, आत धातूच्या पट्टीवर बसवलेल्या तीन चकत्या. छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा आणि दर तीन महिन्यांनी वाचायला पाठवायचा. कुणी एप्रन काढून बॅजसकट एक्स-रे रूममधल्या खुंटीला टांगून घरी गेलं की त्या तिमाहीला खुंटीचा डोस त्याच्या नावावर लागायचा, आणि मग एवढा आकडा कसा आला याची स्पष्टीकरणं लिहिता लिहिता माझा दिवस जायचा. हा बॅज तुझ्या युनिफॉर्मवर लावून फार काही हाती लागणार नाही. तो एक्स-रे, गॅमा, बीटासाठी बनवलेला. तुमच्या उंचीवर जवळपास निम्मा डोस न्यूट्रॉनचा असतो, तो त्याला नीट दिसत नाही.

म्हणून जगभर विमान कर्मचाऱ्यांचा डोस गणितानं काढतात. मार्ग, उंची, तास आणि सूर्याची स्थिती माहीत असली की आकडा पुरेसा बरोबर निघतो. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक प्रशासनाचा 'कारी' नावाचा प्रोग्राम त्यासाठीच आहे आणि तो फुकट मिळतो. जर्मनीचा 'एपकार्ड' आणि फ्रान्सचा 'सिव्हर्ट' यांचं कामही तेच. किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं, म्हणजे आयसीआरपीनं, १९९० सालीच विमान कर्मचाऱ्यांना किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांमध्ये धरलं. युरोपात वर्षाला १ मिलिसीव्हर्टच्या वर जाऊ शकणाऱ्या क्रूचा हिशेब कंपनीलाच ठेवावा लागतो. आणि हो, अमेरिकेत २००६ च्या आकड्यांवरून काढलेली विमान कर्मचाऱ्यांची सरासरी वर्षाला ३ मिलिसीव्हर्टच्या आसपास निघाली होती, दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या कितीतरी वर. कारण सरळ आहे. आम्हाला शिसं होतं, भिंती होत्या, लांब उभं राहायची सोय होती. विमानाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला हे कण जुमानत नाहीत, आणि एप्रन घालून ट्रॉली ढकलण्यातही अर्थ नाही.

तुझा हिशेब मी कागदावर मांडला. देशांतर्गत वर्षाला आठशे तास धरले, चढणं-उतरणं वजा केलं, तर दीड मिलिसीव्हर्ट. तशी सहा वर्षं म्हणजे ९. लांब पल्ल्याचं एक वर्ष ३ ते साडेतीन. सगळे मिळून १२-१३. जगातला सामान्य माणूस जमिनीवर बसून, माती, अन्न, हवा आणि आकाश मिळून, वर्षाला सरासरी २.४ घेतो. आपल्या एईआरबीनं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळानं, किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांसाठी ठरवलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० आहे. यात घाबरण्यासारखं काही दिसतंय का? मला तरी नाही.

कॅन्सरचं बोलू. तू आणखी वीस वर्षं उडालीस आणि एकूण ५० मिलिसीव्हर्ट गोळा केलेस असं समज. आयसीआरपीच्या हिशेबानं अशा हजार जणींमागे दोनेक जणींना जास्तीचा कॅन्सर होईल. हा हिशेब हिरोशिमा-नागासाकीच्या मोठ्या डोसांवरून खाली ओढत आणलेला आहे, जाणूनबुजून सावध. आता शेजारी दुसरा आकडा ठेव: भारतात दर नऊ माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होण्याची शक्यता असते. म्हणजे त्याच हजारांत विमानात पाऊलही न ठेवता शंभरावर. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच किरणोत्सर्गी थोरियम आहे. तिथली कित्येक कुटुंबं तुझ्यापेक्षा जास्त डोस पिढ्यान् पिढ्या घेत आलीत. तिथल्या सुमारे ७०,००० लोकांवर दहा वर्षं लक्ष ठेवून २००९ साली निष्कर्ष छापून आले, आणि कॅन्सर वाढलेला दिसला नाही.

पण तुझ्या सीनियरचं दुखणं मी झटकून टाकत नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ साली अमेरिकेतल्या ५,३६६ केबिन क्रूची पाहणी प्रसिद्ध केली. ब्रेस्ट कॅन्सर झालेल्यांचं प्रमाण त्यांच्यात ३.४ टक्के होतं, तशाच इतर स्त्रियांत २.३ टक्के. त्वचेचे कॅन्सरही जास्त होते. हे किरणांमुळे की रात्री जागण्यामुळे, की उशिरा झालेल्या बाळंतपणांमुळे, ते त्या पाहणीतून सुटं करता येत नाही. मला विचारशील तर माझा संशय रात्रींवर जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं रात्रपाळीला २००७ मध्येच 'बहुधा कॅन्सरकारक' ठरवलं आणि २०१९ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. रात्री अकराला कॅब, घोडबंदर ते टी-टू, दीड-दोनला टेक-ऑफ, आणि परतल्यावर भर दुपारी पडदे ओढून झोपायचा प्रयत्न, तोवर खालच्या मजल्यावर कुणीतरी ड्रिल चालू करणार. या जगण्याची भीती कुणी लॉकेट पाठवण्याइतकी घेत नाही. स्तनांची तपासणी प्रशिक्षित हातांकडून वेळच्या वेळी करून घे. टाटा मेमोरियलनं मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षं केलेल्या अभ्यासात नुसत्या हातानं केलेल्या तपासणीनंही कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडले, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफी कधीपासून, ते घरातला इतिहास सांगून डॉक्टरांना विचार.

गर्भाशयाचं, खरं तर अंडाशयांचं, नुकसान झालेलं नाही. तिथे इजा व्हायला जो डोस लागतो, तो तुझ्या आजवरच्या बेरजेच्या शंभरहून जास्त पट आहे. अणुबॉम्बमधून वाचलेल्यांना पुढे झालेल्या हजारो मुलांची दशकानुदशकं तपासणी झाली, त्यांच्यातही आईबापांच्या डोसामुळे आलेले आनुवंशिक दोष दिसले नाहीत. तेव्हा 'शरीर साफ व्हायला' म्हणून सहा महिने आधी उडणं सोडायची गरज नाही. एक महिनाही नाही.

सांभाळायचे ते दिवस गेल्यानंतरचे पहिले आठवडे. अमेरिकेच्या निओश या सरकारी संस्थेनं केबिन क्रूच्या गर्भपातांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. पहिल्या तिमाहीत ०.३६ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून जास्त डोस घेतलेल्यांत गर्भपाताचा धोका वाढलेला असू शकतो, असं त्यात दिसलं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही: घरच्या घड्याळानुसार झोपेच्या वेळेत १५ तास किंवा जास्त उडालेल्यांतही धोका वाढला होता. आणि ज्यांना सतत उभं राहणं, वाकणं, ओढणं जास्त होतं, त्यांच्यातही. रात्री निघणारी तुझी न्यूयॉर्कची एक फेरी, जाऊन-येऊन, जवळपास तेवढ्यातच ते १५ तास भरतात.

आता नवऱ्याला शेजारी बसव आणि हे एकत्र वाचा. समजा महिन्यात दोन न्यूयॉर्क आणि एक लंडन. न्यूयॉर्कला एका बाजूनं ०.०६-०.०७ मिलिसीव्हर्ट धरू, लंडनला ०.०३. न्यूयॉर्कची चार आणि लंडनची दोन उड्डाणं, बेरीज ०.३२. निओशचा ०.३६ चा आकडा तुझ्या एका महिन्याच्या रोस्टरच्या इतका जवळ आहे. १२ आठवडे लपवायचे म्हटले, आणि त्यातले पहिले दोन सोडून दिले, कारण पाळीपासून मोजतात म्हणून तेव्हा गर्भ नसतोच, तरी उरलेल्या दहांत पाऊण मिलिसीव्हर्ट होतो. आमच्या हॉस्पिटलात एखादी टेक्निशियन गरोदर असल्याचं कळवायची, तेव्हा तिथपासून प्रसूतीपर्यंत पोटातल्या बाळासाठी मर्यादा १ मिलिसीव्हर्ट. एईआरबीचा नियम तसा, आयसीआरपीचंही तेच. म्हणजे हॉस्पिटलातल्या बाळाला जेवढं सगळ्या महिन्यांत मिळून चालतं, त्यातलं पाऊण तुमच्या बाळाला तिसरा महिना संपायच्या आत. तुमच्या फ्लॅटच्या हप्त्यासाठी हा सौदा मला परवडणारा वाटत नाही.

जन्मजात व्यंगाची भीती मात्र काढून टाक. त्यासाठी १०० मिलिग्रेच्या (हेही डोसाचंच माप, इथे ढोबळमानानं मिलिसीव्हर्टएवढंच धर) घरातला डोस लागतो, आणि आपण इथे एकच्या आत मोजतोय. कुठल्या मैत्रिणीनं नकळत दोन-तीन फेऱ्या केल्या असतील तर तिला 'पाडून टाक' वगैरे सल्ले कुणी देऊ नयेत. असे सल्ले दिलेले मी ऐकलेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

तर मग करायचं काय? प्रयत्न सुरू करताय त्या महिन्यांपुरती देशांतर्गत, आखाती किंवा सिंगापूरच्या बाजूची उड्डाणं मागून घे. रोस्टरची बिडिंग असेल तर तिथे, नसेल तर शेड्यूलिंगवाल्यांकडे शब्द टाकून. तिथे महिन्याला ०.१५ च्या आसपास बसेल, न्यूयॉर्क-लंडनच्या निम्म्याहून कमी. पाळी चुकली त्याच दिवशी टेस्ट कर. क्रूमधल्या बऱ्याच मुलींची पाळी जेट लॅगनं आधीच पुढे-मागे झालेली असते, 'माझी अशीच उशिरा येते' म्हणत तीन आठवडे निघून जातात. तुझं तसं असेल तर टेस्टचं पाकीट बॅगेत ठेव आणि पाच आठवड्यांच्या वर थांबू नकोस. फॉलिक ॲसिड आत्ताच डॉक्टरांना विचारून सुरू कर, ते दिवस जाण्याआधीपासून लागतं. टेस्ट लेओव्हरवर असताना, तिकडे न्यूजर्सीच्या हॉटेलात, पॉझिटिव्ह आली तर घाबरून तिथे अडकून पडू नकोस. परतीचा डोस क्रू म्हणून आलीस काय नि प्रवासी म्हणून आलीस काय, सारखाच, आणि तेवढ्यानं बिघडत नाही. कमांडरला सांग आणि निमूट परत ये.

पैशाचं दुखणं मात्र खरं आहे, ते मी गोड बोलून कमी करणार नाही. बाई गरोदर झाली की तिचा पगार निम्म्यावर यावा, अशी रचना करून वर 'आमच्या मुली कळवतच नाहीत' म्हणून तक्रार करायची, याला काय म्हणावं? तुझ्या हातातलं एवढंच की आधी हिशेब करावा. प्रसूतीची पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहे. त्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. गर्भपात झाला तर ६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. रजेवर असताना गरोदरपणावरून कामावरून काढता येत नाही. आणि एक बारीक गोष्ट, जी एचआर आपणहून सांगणार नाही: रजेतला पगार हा रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर निघतो. ते तीन महिने तू अलाउन्सशिवाय ग्राउंडवर असशील, तर सरासरीही तेवढीच खाली. म्हणून ग्राउंड ड्युटीत नेमकं काय मिळणार आणि रजेचा हिशेब कुठल्या रकमेवर धरणार, हे आजच लेखी विचारून ठेव, 'सहज माहिती हवी होती' म्हणून. तो आकडा हातात आला की बँकेशी हप्त्याबद्दल बोलायला नवऱ्यालाही तोंड असेल. त्याला काम हवंच असेल तर हे आहे.

लॉकेट घालू नकोस. कुठल्याही लॉकेटनं न्यूट्रॉन अडत नाहीत, हा एक भाग. दुसरा असा की नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणानं २०२१ च्या डिसेंबरात अशी दहा 'संरक्षक' उत्पादनं, त्यात लॉकेटंही, तपासली तेव्हा ती स्वतःच किरणोत्सर्गी निघाली. तुमचं तसंच आहे असं मी म्हणत नाही, पण छातीवर बाळगण्यात फायदा शून्य. आत्येसासूबाईंना सांग, ग्रूमिंगच्या नियमांत बसत नाही. हे ऐकून कुणाला राग येत नाही.

राहता राहिला मेल. तो आजच ड्राफ्टमध्ये लिहून ठेव, त्या दिवशी शब्द सुचत नाहीत: 'मी गरोदर असून अमुक तारखेला टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. आजपासून मला उड्डाणाच्या ड्युटीवरून कमी करावं. माझ्या गेल्या तीन महिन्यांच्या उड्डाणांची मार्ग, तारीख आणि तासांसह यादी द्यावी.' मेल मेडिकल आणि शेड्यूलिंग या दोघांना एकदमच पाठव आणि एक प्रत स्वतःच्या घरच्या मेलवर घे, कारण ऑफिसचा लॉगिन रजेवर गेल्यावर कधी बंद पडेल, नेम नसतो. ती यादी आली की मला पाठव, 'कारी'त घालून बेरीज मी करून देते.